जंगलाचा दहा वर्षांचा आराखडा कोण करणार?

(वनहक्क शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्या पाड्यांवरून कुणी येऊ शकलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. बोलणं जसं झालं तसंच ठेवलं आहे. गावसभेत कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं.)

काल दिवसभर आपण दाव्यांबद्दल बोललो. कुणाचा दावा मंजूर, कुणाचा फेटाळला, कुणाची जमीन दोन एकर कसलेली आणि पट्ट्यावर आली अकरा गुंठे. आज मी थोडं वेगळं बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, ह्याचा आपल्या पोटाशी काय संबंध? शेवटपर्यंत ऐका, मग सांगा संबंध आहे का नाही.

विषय असा आहे की सरकार जंगलाचा विचार किती लांबचा करतं, कसा करतं, आणि त्या विचारात आपण कुठे बसतो.

आपल्याला नेहमी काय ऐकवलं जातं? आदिवासी आजचं बघतो, उद्याचं बघत नाही. झाड दिसलं की कुऱ्हाड. जंगल टिकवायचं तर लांबचं बघणारी माणसं पाहिजेत, शिकलेली, सायन्सवाली. आणि ती माणसं देहराडूनला आणि नागपूरला बसतात. आता ती तिथे बसून नेमकं काय करतात ते एकदा नीट समजून घेऊ. न समजता शिव्या देण्यात अर्थ नाही, आणि न समजता मान डोलावण्यातही नाही.

मोजणारं खातं

देहराडूनला केंद्र सरकारचं एक खातं आहे. भारतीय वन सर्वेक्षण. 1 जून 1981 ला सुरू झालं. त्याचं काम देशातलं जंगल मोजायचं. पण त्याच्या आधीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 1965 साली परदेशी संस्थांच्या मदतीने एक मोजणी सुरू झाली होती. नाव होतं गुंतवणूकपूर्व सर्वेक्षण. म्हणजे काय? कागदाचे, प्लायवूडचे, लाकडाचे कारखाने काढायचे तर कुठल्या जंगलात किती माल आहे ते आधी मोजा. म्हणजे ह्या खात्याचा जन्म कारखान्याच्या हिशेबातून झाला. त्या मोजणीत मोहाची फुलं नव्हती, कडूकंद नव्हता, शेवळं नव्हती. घनफूट होते.

पुढे काम बदललं. 1987 पासून हे खातं साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या जंगलाचा अहवाल काढतं. पहिला अहवाल उपग्रहाच्या अशा चित्रांवरून केला होता की ज्यात 80 मीटर बाय 80 मीटरचा तुकडा म्हणजे एक ठिपका. आता चित्र बारीक झालं आहे. आता एक ठिपका साडेतेवीस मीटर बाय साडेतेवीस मीटर. गुंठ्यात सांगतो. एक ठिपका म्हणजे साडेपाच गुंठे. ज्या बाईचा प्लॉट वीस गुंठ्यांचा आहे, तिच्या सगळ्या जमिनीने त्या चित्रातले चार ठिपकेसुद्धा पुरे भरत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जंगल कशाला म्हणायचं? त्यांची व्याख्या अशी. एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जागा, आणि वरून बघितलं तर दहा टक्क्यांहून जास्त जमीन झाडांच्या पसाऱ्याखाली झाकलेली. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. त्यात दहा गुंठे सावली असली की झालं जंगल. दहा मीटर पसाऱ्याचे तेरा आंबे धरले तरी तेवढी सावली होते. जमीन कुणाची, झाड कसलं, हे बघायचं नाही. शेठची आंब्याची वाडी असली तरी ती जंगलाच्या आच्छादनात मोजली जाते. नीलगिरीची लागवड, रबराचा मळा, रस्त्याकडेची दाट झाडी, सगळं त्यातच. दहा ते चाळीस टक्के असेल तर विरळ, चाळीस ते सत्तर मध्यम दाट, सत्तरच्या वर अति दाट.

2021 च्या अहवालात महाराष्ट्राचं जंगल आच्छादन 50,798 चौरस किलोमीटर लिहिलं आहे. राज्याच्या जमिनीच्या साडेसोळा टक्के. आणि खात्याच्या दप्तरी जंगल म्हणून नोंदलेली जमीन त्याहून मोठी आहे, 61 हजार चौरस किलोमीटरच्या वर. म्हणजे बघा, कागदावर जंगल आहे तिथे सगळीकडे झाड नाही, आणि झाड आहे ते सगळं कागदावरच्या जंगलात नाही. त्यामुळे कुणी भाषणात म्हणालं की जंगल एवढं वाढलं, तर आपण विचारायचं : कुठे वाढलं? वाडीत का रानात? साग वाढला का ऐन, हेद, बिबळा? वरून हिरवं दिसतं, पण त्या हिरव्यात खायला काय आहे, ते ठिपका सांगत नाही.

आता खरं तेही बोललं पाहिजे. ह्या खात्याचं सगळंच काम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. त्यांनी देशावर पाच किलोमीटर बाय पाच किलोमीटरची जाळी टाकली आहे, आणि जमिनीवर जाऊन ठरावीक जागी झाडं मोजतात. 2004 पासून वणव्याची खबर उपग्रहावरून देतात. मोबाइल नंबर नोंदवला तर कुणालाही मेसेज येतो. आपल्या पोरांनी नोंदवावा. आग आपल्या रानाला लागते, खबर आपल्याला आधी पाहिजे. सायन्स आपलं दुश्मन नाही. प्रश्न एवढाच आहे की मोजमाप झाल्यावर त्याचं पुढे काय करायचं ते कोण ठरवतं.

ठरवणारा कागद

ते ठरतं दुसऱ्या कागदात. त्या कागदाचं नाव कार्य आयोजना. फॉरेस्टवाले वर्किंग प्लॅन म्हणतात. आपल्यातल्या किती जणांनी तो बघितला आहे? हात वर करा. (दोन हात वर आले.) दोघांनी. एवढ्या मोठ्या सभेत दोघांनी. आणि ह्या कागदावर आपल्या दहा वर्षांचं ठरलेलं असतं.

कार्य आयोजना वन विभागासाठी असते, साधारण दहा वर्षांची. ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची. 1864 साली ब्रँडिस नावाचा जर्मन माणूस इंग्रज सरकारचा पहिला जंगलाचा मुख्य अधिकारी झाला. त्याच्या काळापासून असं धोरण की जंगलाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा, आणि कुठल्या वर्षी कुठला तुकडा तोडायचा ते आधीच लिहून ठेवायचं. तो नंबर म्हणजे आपण ज्याला कंपार्टमेंट नंबर म्हणतो तो. वर्षाला तोडायचा तुकडा म्हणजे कूप. आपल्या आज्याने कूप तोडला, बापाने कूप तोडला, मजुरी घेतली. कूप कुठे आखला आणि का आखला, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ते त्या पुस्तकात होतं.

पुस्तकाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात जंगलाची माहिती : माती, पाऊस, झाडं, गावं, लोक, त्यांचे हक्क, गुरं. दुसऱ्या भागात पुढे काय करायचं : कुठे तोड, कुठे लागवड, कुठे बंदी, कुठे बांबू, कुठे चराई. केंद्राने ह्याची नियमावली केली आहे, 2004 ची, मग 2014 ची, आता 2023 ची. आणि 12 डिसेंबर 1996 ला सुप्रीम कोर्टाने गोदावर्मन केसमध्ये सांगितलं की केंद्राने मंजूर केलेली कार्य आयोजना असल्याशिवाय जंगलात तोड करायची नाही. म्हणजे ह्या कागदाला आता कोर्टाचं वजन आहे.

आता लांबच्या विचाराचं बघू. साग लावला तर तो तोडायला साठ ते ऐंशी वर्षं धरतात. आयोजना दहा वर्षांची. आयोजना लिहिणारा साहेब काही वर्षांत बदलून जातो. रेंजर दोन-तीन वर्षांत जातो. मग साठ वर्षांचा विचार प्रत्यक्षात डोक्यात ठेवतं कोण? पुस्तक ठेवतं. आणि पुस्तक कपाटात असतं.

आपल्याकडे मोहाच्या झाडाखाली कुणी नांगर घालत नाही. वाटणी होताना झाडं वेगळी वाटली जातात. आजीने राखलेल्या मोहाची फुलं नात वेचते. हाही साठ वर्षांचाच हिशेब आहे, फक्त तो कुठे लिहिलेला नाही. म्हणून कुणी म्हणालं की ह्यांना लांबचं दिसत नाही, तर त्याला सांगा की आम्ही लिहून ठेवलं नाही एवढंच आमचं कमी पडलं. आणि आज आपण बसलोय ते तेवढ्यासाठीच.

धोरण कुणासाठी

लांबचा विचार म्हणजे नुसता काळाचा नाही, कुणाच्या भल्याचा हाही सवाल आहे. 1952 च्या वनधोरणात असं होतं की गावाच्या गरजा देशाच्या हिताच्या आड येता कामा नयेत. देशाचं हित म्हणजे तेव्हा कारखाना, रेल्वे, लाकूड. डोंगराचा बांबू कागद कारखान्याला लांबच्या मुदतीने गेला, आणि टोपल्या विणणाऱ्याला एक कामटी आणली म्हणून दंड. 1974 ला वनविकास महामंडळ निघालं, आणि मिश्र रान तोडून साग लावायचं काम जोरात चाललं. हेही सगळं आराखड्याप्रमाणेच होतं. कागदावर बघाल तर एकही चूक नाही.

1988 ला धोरण बदललं. त्यात लिहिलं की सरपण, चारा, गौण वनउपज, घराचं लाकूड ह्या जंगलातल्या नि जंगलाजवळच्या लोकांच्या गरजा आधी. धोरण बदललं, पण पुस्तक दहा वर्षांचं, साहेबाची सवय शंभर वर्षांची. ते एका रात्रीत बदलत नाही.

आणि आता नवं आलं आहे. हवा गरम होतेय, म्हणून 2015 ला आपल्या सरकारने जगाला वचन दिलं की 2030 पर्यंत जंगल आणि झाडं वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन वायू जास्तीचा शोषू. ह्याचा हिशेब देहराडूनच्या त्याच खात्याने केला. दुसरीकडे खाणी, धरणं, रस्ते ह्यांना जंगल दिलं की त्याच्या बदल्यात पैसे जमा होतात, झाडं लावायला. त्याचा कायदा 2016 चा, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने त्यातले 47 हजार कोटींच्या वर राज्यांना दिले. पैसा आला, टार्गेट आलं. आता झाडं लावायला जमीन कुठली? नकाशावर विरळ दिसते ती. झुडपं दिसतात ती. आणि ती कुणाची असते? आपल्या नागलीची, वरईची, पडीक ठेवलेली, दोन-तीन वर्षांनी परत कसायची. आपल्याच भागात एका पाड्यावर दाव्याच्या जमिनीत खड्डे खणायला माणसं आली होती. बायांनी फावडी धरली म्हणून थांबलं. ती माणसं वाईट नव्हती. मजुरीला आलेली होती. खड्डा कुठे खणायचा ते आराखड्यात आधीच ठरलं होतं.

म्हणून म्हणतो, आराखडा होतो तेव्हा बोललं पाहिजे. खड्डा खणायला आल्यावर भांडण करावंच लागतं, पण तोवर उशीर झालेला असतो.

चित्राचा पुरावा कुणाच्या बाजूने?

आता तो ठिपका परत आठवा. 13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने एक आदेश दिला होता. ज्यांचे दावे फेटाळले त्यांना बाहेर काढा. त्याच आदेशात देहराडूनच्या ह्या खात्याला सांगितलं की उपग्रहावरून अतिक्रमणाची स्थिती बघा आणि कोर्टापुढे ठेवा. देशभर लाखो घरांवर गदा आली होती. आपण रस्त्यावर उतरलो, सगळीकडे लोक उतरले, आणि 28 फेब्रुवारीला कोर्टाने आदेश थांबवला. पण त्यातून एक कळलं. मोजणारं खातं आणि आपली झोपडी ह्यांच्यामध्ये फार अंतर राहिलेलं नाही.

दावे फेटाळताना काय लिहितात? '2005 च्या उपग्रह चित्रात शेती दिसत नाही.' ह्याला उत्तर कसं द्यायचं ते नीट ऐका.

पहिलं. चित्र बघून सांगणाऱ्याला विचारायचं, चित्र कुठल्या महिन्याचं आहे? जंगलाच्या मोजणीसाठी साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रं घेतात, पानं असतात आणि ढग नसतात म्हणून. तोवर आपली नागली कापलेली असते. शेत उघडं किंवा गवताने भरलेलं.

दुसरं. ते वर्ष पडीचं होतं का? डोंगरउताराच्या वरकस जमिनीत दोन-तीन वर्षं पीक, मग पड. पडीच्या वर्षी झुडपं येतात. चित्रात ती रान दिसतात.

तिसरं. शेतात ऐन, मोह, आंबा राखलेला आहे का? ऐनाचा आपण राब करतो, झाड मारत नाही. अशा शेतावर दहा टक्के सावली सहज होते. झाड राखलं म्हणून शेत नाही, असा उलटा न्याय होतो.

चौथं. एक ठिपका किती गुंठ्यांचा? बारक्या प्लॉटचं उत्तर मोठ्या ठिपक्यात नसतं.

आणि पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं. 2012 च्या वनहक्क नियमांतल्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं आहे की उपग्रहाचं चित्र बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याची जागा घेऊ शकणार नाही. म्हणजे म्हाताऱ्यांचा लेखी जबाब, जुनी दंडाची पावती, एकसाली प्लॉटचा कागद, बांध, विहीर, घराचा चौथरा, हे असताना नुसत्या चित्रावर दावा फेटाळता येत नाही. फेटाळायचा तर कारण लेखी द्यावं लागतं आणि आपलं म्हणणं ऐकावं लागतं. महाराष्ट्रात अनुसूचित क्षेत्रासाठी 2020 पासून जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपील करता येतं. दाव्याची तपासणी आणि मान्यतेचं काम पुरं होईपर्यंत जमिनीवरून काढता येत नाही, हे कायद्याच्या कलम 4(5) मध्ये आहे. हे पाठ करा.

त्यांच्याच पुस्तकात आपला पुरावा

आता एक गंमत सांगतो. ज्या कार्य आयोजनेला आपण घाबरतो तीच आपला पुरावा आहे. वनहक्क नियम 13 वाचा. कुठले पुरावे चालतात त्याच्या यादीत गॅझेटियर, जनगणना, नकाशे ह्यांच्याबरोबर कार्य आयोजनासुद्धा आहे. नाव घेऊन लिहिलेली आहे.

जुन्या आयोजनांमध्ये पहिल्या भागात एक मथळा नेहमी असायचा : लोकवस्तीच्या शेतीच्या चालीरीती आणि गरजा. त्यात इंग्रज साहेब, नंतर देशी साहेब, लिहून ठेवायचे की इथले लोक कुठलं पीक घेतात, राबासाठी कुठली झाडं छाटतात, गुरं किती, सरपण कुठून आणतात, कुठल्या गावाला काय सवलत. पुष्कळदा तक्रारीच्या सुरात लिहायचे. 'हे लोक फार नुकसान करतात.' असू दे. नुकसान करतात म्हणजे तेव्हा तिथे होते ना? शिवी दिली ती कागदावर दिली, तारीख घालून दिली. आपल्याला दुसरं काय पाहिजे?

सामूहिक दाव्याला तर ह्याचा फार उपयोग. चराईची जागा, कंद काढायची जागा, पाणी, मासे धरायची जागा, देवाचं रान, स्मशान, हे सगळं सामूहिक हक्काच्या पुराव्यात चालतं, आणि ह्यातलं बरंच जुन्या आयोजनेत आणि तिच्या नकाशात सापडू शकतं. कंपार्टमेंटचा नकाशा मिळाला की आपल्या पारंपरिक हद्दीत कुठले नंबर येतात ते सांगता येतं.

मिळवायचं कसं? माहितीच्या अधिकारात अर्ज. दहा रुपयांचं तिकीट, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नको. अर्जात लिहायचं : आमच्या वन विभागाची चालू कार्य आयोजना, तिच्या आधीच्या जेवढ्या दप्तरी आहेत तेवढ्या, नकाशांसह, बघायला आणि नक्कल घ्यायला द्याव्यात. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर पहिलं अपील. अर्जाचा नमुना ह्या अंकाबरोबर जोडला आहे.

आपला आराखडा

आता शेवटचं आणि मोठं. 2006 च्या कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेला दिला. कलम 3(1)(झ) आणि कलम 5. नियम 4 मध्ये ग्रामसभेची समिती आहे. 2012 च्या दुरुस्तीत असं आहे की ही समिती आपल्या जंगलाचा संवर्धन आणि व्यवस्थापन आराखडा करेल, आणि तो वन विभागाच्या कार्य आयोजनेशी जोडेल. जोडताना काय बदल करायचे ते समितीला आवश्यक वाटतील तेवढे. शब्द नीट बघा. खात्याला वाटतील तेवढे असं लिहिलेलं नाही. समिती ग्रामसभेच्या देखरेखीखाली. म्हणजे दीडशे वर्षांत पहिल्यांदा दहा वर्षांचा आराखडा करायची पेन्सिल गावाच्या हातात आली आहे.

कुणी केलंय का? केलंय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये 1,809 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. त्यांनी बांबूची वाहतूक पास स्वतः द्यायचा हक्क मागितला, भांडले, आणि 2011 मध्ये केंद्राचे वनमंत्री गावात येऊन पासबुक देऊन गेले. पण पासबुकाच्या कितीतरी वर्षं आधी त्या गावात अभ्यासगट चालत होते. बसून चर्चा करायची, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय घ्यायचा नाही. चंद्रपूरच्या पाचगावने हक्क मिळाल्यावर ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचा नाही. पैसे मिळतात, तरी नाही. कारण पत्त्यासाठी झाड छाटतात आणि रानाला आग लावतात, त्याने रान बिघडतं, टेंभरं मिळत नाहीत, पाखरंही उपाशी. मिळणारा पैसा सोडून दिला त्या गावाने, पुढच्या वर्षांकडे बघून. आता सांगा, लांबचं कोणाला दिसतं?

तेंदू सोडायचा का नाही हे प्रत्येक गावाचं वेगळं असेल. पावसाळ्याआधीचा तो हंगाम म्हणजे पुष्कळ घरांची कमाई आहे, मला माहीत आहे. कुणी म्हणेल तोडू पण छाटणी मर्यादेत, आग बंद. ते गावाने ठरवायचं. पण ठरवायचं आणि लिहायचं.

आपलंही सगळं गोड नाही. काल एका ताईने उभं राहून सांगितलं की आमच्या गावातलेच चार जण रात्री खैर तोडून व्यापाऱ्याला देतात, आणि समितीवर त्यांचाच माणूस. तिचं खरं आहे. हक्क मिळाला आणि राखलं नाही तर पुढच्या मोजणीत आपलं रान विरळ दिसेल, आणि मग म्हणतील, बघा, लोकांच्या हातात दिलं आणि संपलं. ते कारण आपण द्यायचं नाही. गावातल्या चोरालाही नियम लावावा लागेल, मग तो भाऊबंद असो.

काय करायचं, कोणी, कधी

ह्या पावसाळ्याच्या आत प्रत्येक गावाने एवढी कामं करायची :

एक. आपल्या विभागाची कार्य आयोजना मागायची. अर्ज वनहक्क समितीच्या सचिवाने करायचा. चालू आयोजना कुठल्या वर्षी संपते ते आधी बघा. नवी लिहायला घेतात तेव्हा माहिती गोळा करायला फिरतात. त्या वेळी ग्रामसभेचा ठराव टेबलावर पाहिजे.

दोन. शिवारफेरी. म्हातारी माणसं पुढे, शिकलेली पोरं मागे वही आणि जीपीएस घेऊन. हद्द, पाणी, देवाचं रान, कंदाची जागा, बांबू, मोह, चराई. बायांनी वेगळी फेरी करायची, कारण सरपण आणि रानभाजी कुठे मिळते ते पुरुषाला अर्धंच माहीत असतं.

तीन. झाडांची मोजणी. सगळं रान मोजायला नको. पाच-सहा ठिकाणी तीस मीटर बाय तीस मीटरचा चौकोन दोरीने आखा. त्यातलं प्रत्येक झाड, त्याचं नाव आपल्या भाषेतलं, घेर किती, रोपं किती. दगडाला चुना लावून खूण ठेवा. दोन वर्षांनी तीच जागा परत मोजा. ठिपक्यापेक्षा ही वही जास्त खरी, कारण तिच्यात झाडाचं नाव आहे.

चार. चार यादी करा. काय कायमचं राखायचं. काय नियमाने घ्यायचं, किती आणि कोणत्या महिन्यात. काय नव्याने लावायचं. काय बंद. प्रत्येक यादीपुढे दहा वर्षं लिहा आणि कोणत्या वर्षी काय ते भरा. बांबू असेल तर तीन-चार भाग पाडा, एका वर्षी एक भाग, कोंब काढायचे महिने बंद.

पाच. ग्रामसभेत वाचा, वाद घाला, दुरुस्त करा, ठराव करा. एक प्रत उपविभागीय समितीला, एक जिल्हा समितीला, एक वन विभागाला. पोच घ्या. तारखेचा शिक्का नसलेली पोच म्हणजे पोच नाही.

सहा. दाव्याच्या जमिनीवर लागवडीचे खड्डे आखले तर त्याच दिवशी ग्रामसभेचा लेखी विरोध. दावा प्रलंबित आहे, दाव्याचा नंबर, कंपार्टमेंट नंबर, कलम 4(5). तोंडी भांडण चालूच राहील, पण कागद त्याच्यासोबत जाऊ दे.

कुणी म्हणेल, हे सगळं आम्हाला जमेल का? लिहिता येत नाही, नकाशा वाचता येत नाही. दहावी-बारावी झालेली पोरं प्रत्येक पाड्यावर आहेत, मोबाइल आहेत. आणि नकाशात जे लागतं ते ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्याच डोक्यात आहे. दोघांनी शेजारी बसायचं एवढंच काम आहे. कपाटातलं पुस्तक लिहिणारा साहेब आपल्या रानात फार तर काही दिवस फिरलेला असतो. आपण जन्मभर फिरलोय.

खात्याचे सगळे लोक आपल्या विरोधात नाहीत. काही गार्ड, काही अधिकारी चांगलं काम करतात, मोजणीला मदत करतात. त्यांना बोलवा, शिका त्यांच्याकडून. देहराडूनची चित्रंही मागा, आपल्या वहीशेजारी ठेवा, जुळतं का बघा. पण सही ग्रामसभेची. तिथे ढिलाई नको.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने दोन कागद घेऊन यायचे : माहितीच्या अर्जाची पोच आणि शिवारफेरीचा कच्चा नकाशा. वहीच्या पानावर काढलेला चालेल. हाताला चिखल लागलेला असला तरी चालेल.

आता प्रश्न विचारा. जोहार!